वहिनीला गोळा येतो

आमची मोठी वहिनी पत्ताकोबी विकत घेताना तो आधी हनुवटीखाली, मानेच्या खळग्यात दाबून बघायची. कोपर वर, डोळे मिटलेले. मग म्हणायची, "हा हलका आहे वं, दुसरा दे." नागपूरच्या महाल भागातली आमची भाजीवाली पहिल्यांदा घाबरली, पण पुढे स्वतःच चांगले जड गड्डे तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागली. एकदा देवळात पुजाऱ्याने दिलेला नारळही तिने तसाच मानेशी नेला, तेव्हा आईने तिला देवासमोरच चिमटा काढला होता.

वहिनी उमरेडकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिला बघायला आई, बाबा, दादा आणि मी असे एसटीने गेलो होतो. मी तेव्हा कॉलेजात होते. चहा झाला आणि आईने नेहमीचा प्रश्न केला, "काय काय येते तुले?"

"सैंपाक येते, शिवण येते," खाली बघत ती म्हणाली आणि एकदम मान वर करून पुढे बोलली, "आन् गोळा तं लय चांगला येते. जिल्ह्यात पहिली आली होती मी."

आता, आमच्या नागपुरात गोळा म्हटला की तो गोळाभाताचा. डाळीचे तिखट गोळे, मोकळा भात आणि वरून मोहरी-हिंगाचं कढत तेल. बाबांचा त्याच्यावर फार जीव. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने त्यांच्याकडे पाहिलं. परतीच्या गाडीत आई म्हणाली, "पाहा बाप्पा, आता सैंपाकाच्याबी स्पर्धा होऊन राहिल्या! जिल्ह्यात पहिली म्हणजे हात असंल पोरीचा." दादाचं मत कोणी विचारलं नाही, पण तो खिडकीबाहेर बघून हसत होता. लग्न ठरलं.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आईने फर्मावलं, "आज तुह्या हातचा गोळा होऊ दे."

वहिनीचा चेहरा उजळला. "इथं? घरात?"

"मंग कुठं?"

"जागा लागते, आई."

"एवढं मोठं सैंपाकघर आहे, आखीन किती जागा पाहिजे तुले?"

वहिनी आत गेली, पेटी उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेला काळा लोखंडी गोळा घेऊन आली. आईच्या हातातलं डाळीचं भांडं तसंच राहिलं. बाबांचं धान्याचं दुकान घराला लागूनच होतं. त्यांनी तो गोळा उचलला, दुकानात नेऊन तराजूत टाकला आणि परत आणून दिला. म्हणाले, "चार किलो. मापात खोट नाही." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आम्हा भावंडांनाही कधी मिळाली नव्हती.

आई मात्र आठवडाभर घुश्शात होती. त्या आठवड्यात तिने सुनेला खरा गोळाभात शिकवला. वहिनी मनापासून शिकली, पण तिच्या गोळ्यांना शेवटपर्यंत जरा जास्तच वजन राहिलं.

सरावाचा प्रश्न दादाने सोडवला. शहराबाहेर हुडकेश्वरला तेव्हा सगळी शेतंच होती आणि त्यात आमचंही एक लहानसं होतं. दादा पोस्टात कारकून, अंगाने काडी. पहाटे दोघं सायकलवर निघत, तेव्हा पायडल वहिनी मारायची आणि दादा मागे कॅरिअरवर मांडीत गोळा घेऊन बसायचा. लोकांनी काही म्हणू नये म्हणून आईने मलाही दुसऱ्या सायकलवर सोबत धाडलं. लोक म्हणायचेच. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे दात घासत उभे असत. ते रोज विचारायचे, "काहून गा, सायकल येत नाही का तुले?" दादाही रोज तेच उत्तर द्यायचा, "येते ना काका. पण तिच्यासारखी नाही येत."

शेतात वहिनी साडीचा कासोटा मारून उभी राहायची. "गोळा हातानं नाही जात," ती मला सांगायची, "टाचेनं जाते." हे सूत्र ती घरीही लावायची. धान्याची कोठी सरकवायला दोन गडी घाम गाळत होते, तर तिने त्यांना दूर केलं, पाठ लावली, टाच रोवली आणि कोठी भिंतीशी नेली. गडी आईकडे बघत राहिले. आई त्यांना म्हणाली, "पाहून काय राहिले? जिल्ह्यात पहिली आहे ती." तेव्हापासून घुस्सा जरा उतरला असावा.

वहिनीचा एक दोष होता. गोळा चांगला गेला की आनंदाच्या भरात ती त्याच्यामागे धावायची. गोळाफेकीत वर्तुळाच्या पुढून बाहेर पडलं की फेक बाद. लग्नाआधीही तिचे कित्येक चांगले गोळे असेच वाया गेले होते. विभागीय स्पर्धा जवळ आली. तिथे निवड झाली तर राज्याच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. पण सवय काही सुटेना. दादाने तिचा पदर मागून धरून पाहिला, तर तोच वर्तुळाबाहेर ओढला गेला.

हे ऐकून आई एका पहाटे स्वतःच रिक्षा करून शेतात आली, रांगोळीचा डबा घेऊन. तिने जमीन सारवून घेतली, गोल रेघ काढली, पुढच्या बाजूला कमळं काढली आणि हळद-कुंकू वाहिलं.

"आता दे पाय याच्यावर," ती म्हणाली, "मंग पाहतोच तुले."

वहिनीने फेकलं. धावायला निघालेली पावलं कमळांपाशी आली आणि तिथल्या तिथे लटपटून थांबली. मागच्या बाजूने ती गुपचूप बाहेर आली. आई रोज येऊ लागली.

स्पर्धेच्या दिवशी आई कुंपणाला धरून उभी होती. तिथे नुसती चुन्याची रेघ. वहिनीच्या पहिल्या दोन्ही फेकी लांब गेल्या आणि दोन्ही बाद झाल्या. पंचाने लाल झेंडी वर केली की आई त्याच्या घराण्याचा उद्धार करायची. तिसऱ्या फेकीला वहिनी वळली, गोळा सुटला, पाय पुढे निघाले आणि अख्ख्या मैदानावर आईचा आवाज घुमला, "रांगोळी वं!"

वहिनी एका पायावर थांबली. दोन्ही हात पंख्यासारखे फिरले. पडते की काय म्हणून दादाने डोळे झाकले. पण ती पडली नाही. पांढरी झेंडी वर गेली. ती दुसरी आली आणि तिची निवड झाली.

राज्याच्या स्पर्धेत तिचा टिकाव लागला नाही. परत आल्यावर म्हणाली, "तिथल्या पोरी आपल्या कोठीएवढ्या आहेत, आई." त्या रात्री मात्र ती जेवली नाही. पण राज्यासाठी निवड झाल्याच्या कागदावर तिला यवतमाळच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाईंची नोकरी मिळाली. बाबा कुरकुरले, सून परगावी नोकरीला कशी धाडायची? आईने एका वाक्यात निकाल लावला, "तिले जाऊ द्या, अन् यालेबी तिच्यासंगं धाडा, बदली मागंल तो."

बसस्टँडवर वहिनी पाया पडली. आईला कुणाला जवळ घ्यायची सवय नव्हती. ती नुसतीच सुनेच्या उजव्या दंडावरून हात फिरवत राहिली. मग दंड दाबून बघितला आणि म्हणाली, "हे कमी होऊ देऊ नको."

वहिनी रडत बसमध्ये चढली. बस हलली, तरी आई तिच्याच खिडकीकडे बघत होती. शेजारच्या खिडकीतून दादाही हात हलवत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.