बॉल खाली घ्या की!

प्रत्येक घरात पिशव्यांची एक पिशवी असते. ती कुणी मुद्दाम भरत नाही, आपोआप फुगत जाते, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळं अंगावर येतं. चौदा ब्लॉकच्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. मागच्या मोसमानंतर तर कपाटाचं दारच लागेना. म्हणून आज थोडे बाहेर काढते.

चौदा ब्लॉक म्हणजे आमची खडकीची फुटबॉल टीम. मी इथल्याच क्वार्टर्समध्ये वाढले, फॅक्टरीत स्टोअर्सला नोकरी करते, आणि रविवारी मॅच असली की घरी सांगून ठेवते, "घराला आग लागली तरच फोन करा, तोही हाफटाइमला!"

ग्राउंडच्या पायऱ्यांवर माझ्या उजव्या हाताला परांजपे सर बसतात. रिटायर्ड गणिताचे शिक्षक. शाळेत मला होते. आता कोथरूडला राहतात, पण मॅचला दोन बस बदलून येतात. डाव्या हाताला पोकळे अण्णा, धायरीचे. शेतात बिल्डिंगा उगवल्या तेव्हापासून अण्णा मोठी गाडी घेऊन गावभर फिरतात. फिरता फिरता एकदा आमच्या ग्राउंडपाशी थांबले ते आजतागायत थांबलेच आहेत. सर बोलले की अण्णा चिडतात, अण्णा बोलले की सर कपाळाला हात लावतात. एकाच बाबतीत आमचं तिघांचं एकमत आहे. आमची टीम चुकीचं खेळते!

*

आता चुकीचं म्हणजे काय, ते सांगते.

आमच्या प्रॅक्टिसच्या ग्राउंडच्या मधोमध क्रिकेटवाल्यांचं सिमेंटचं पीच आहे. बॉल जमिनीवरून दिला की पीचच्या कडेला आपटतो आणि वाट्टेल तिकडे उडतो. म्हणून आमचे कोच अँथनी मास्तर पोरांना पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात. मागून उचला, पीचच्या पलीकडे टाका, पुढचं स्ट्रायकर बघेल.

एकदा आमची मॅच एका नव्याकोऱ्या टर्फवर होती. मैदान कसलं, नुसता गालिचा! आणि आमची पोरं तिथेही बॉल मागून उचलून आभाळात पाठवतायत. मला राहवेना. हाफटाइमला मी तारेपाशी गेले आणि ओरडले, "अहो मास्तर, इथे मध्ये पीच नाहीये!"

मास्तरांनी मागे वळून टर्फकडे शांतपणे बघितलं.

"आज नाहीये," म्हणाले.

*

इतकी वर्षं ते खपलं, कारण आमचा स्ट्रायकर सहा फूट दोन इंच होता. त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला. मोसमाच्या सहा मॅच राहिलेल्या, आम्ही टेबलाच्या तळाशी. खाली गेलो तर सेकंड डिव्हिजन!

मग आमचे सेक्रेटरी सुर्वे साहेब यांनी जाहीर केलं, भंडाऱ्याहून नवा स्ट्रायकर येतोय. रोशन मेश्राम. तिकडे त्यानं ढिगानं गोल मारलेत. साहेबांनी त्याला स्वतःच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम दिलं, राहायला खोली दिली. आम्ही तिघं त्या दिवशी लवकर जाऊन बसलो. स्कूटरवर मागे बसून एक पोरगा आला आणि उतरला. पाच फूट तीन इंच. तेही बूट घालून.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "हा एवढाच आहे, की उरलेला मागून येतोय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पोरानं ते ऐकलं. पण तो हसला आणि म्हणाला, "एवढाच आहो जी सर. पण पुरा आहो!"

सरांनी सरकून पायरीवर त्याला जागा करून दिली. तिथल्या तिथे मी ठरवलं, हा पोरगा आपला!

*

पहिल्या मॅचला सर वही घेऊन बसले होते. रोशनच्या डोक्यावरून गेलेला प्रत्येक बॉल म्हणजे एक रेघ. मॅच संपल्यावर त्यांनी निकाल वाचून दाखवला, "एकूण तेवीस. डोक्याला लागले शून्य. केसांना लागला एक."

रोशन पाणी प्यायला आमच्यापाशी आला. मी म्हटलं, "दमलास रे?"

"नाही जी ताई. मी कुठं खेळून राहिलो? मी तं विमानं पाहून राहिलो."

हसून म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. मग अण्णांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. सुर्वे साहेबांनी अट घातली होती. उरलेल्या पाच मॅचमध्ये स्वतःचा एक तरी गोल, नाहीतर पुढच्या मोसमाला कॉलेजचा एक उंच मुलगा ठरलेला आहे. खोली त्याला, काम त्याला. रोशननं भंडाऱ्याला परत जायचं.

माझं डोकंच फिरलं. तडक साहेबांकडे गेले. "अहो साहेब, पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट माळ्यावर ठेवायचं, ही कुठली रीत?"

"स्ट्रायकरचं काम गोल करणं," साहेब म्हणाले. "मला गोल दाखवा. बाकी आपण नंतर बोलू."

दाखवतेच, म्हटलं मनात.

*

पहिला उपाय अण्णांचा. "पोरगं उडायला शिकलं पाहिजेल! एवढंच हाय!"

त्यांनी रोशनला धायरीला नेलं. घरामागे उरलेल्या तुकड्यात आंब्याचं झाड आहे. त्याच्या फांदीवरून दोरी टाकून बॉल टांगला, चांगला सात फुटांवर, दोरीचं टोक खोडाला बांधलं आणि रोशनला सांगितलं, मार डोकं. तो उडतोय, पडतोय, परत उडतोय. सर आणि मी बाजूला उभं राहून वाद घालतोय. उडी दोन पायांवर की एका पायावर? मान आधी की खांदा आधी? पाऊण तास!

अण्णांची आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं आधी विचारलं, "त्या लेकराला कशाची शिक्षा दिलीया?"

"शिक्षा न्हाई आई, प्रॅक्टिस हाय! त्याला बॉलपतूर पोचायचंय."

म्हातारी उठली. झाडापाशी गेली, खोडाला बांधलेली गाठ सैल केली आणि बॉल रोशनच्या पायाशी आणून सोडला.

"आरं मग बॉल खाली घ्या की! पोराला कशाला वर नेताय?"

तीन जण, मिळून पन्नास वर्षं फुटबॉल बघणारे. एकालाही सुचलं नव्हतं!

*

सरांचं म्हणणं, हे मास्तरांना लेखी दिलं पाहिजे. दोन पानी अर्ज केला. विषय : चेंडू जमिनीवरून देण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे. सोबत एक आकृती, कोन मोजून.

मास्तरांनी तो प्रॅक्टिसच्या वेळी सगळ्यांसमोर वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि बॉल सरांच्या पायाशी ठेवला. "द्या जमिनीवरून. तो पलीकडे रोशन उभा आहे."

सर एकाहत्तर वर्षांचे. पण माघार घेतील तर ते परांजपे कसले! चप्पल काढली, कोन बघितला, मारला. बॉल छान घरंगळत गेला, सिमेंटच्या कडेला लागला, उडाला, आणि सरळ अण्णांच्या गाडीच्या आरशावर! आरसा खाली.

अण्णा वाकून तुकडे गोळा करायला लागले.

सर चप्पल घालत म्हणाले, "अर्ज मागे घेतो."

*

पण मी मागे घेतलेला नव्हता! मी म्हटलं, चूक ना मास्तरांची, ना पोरांची. पोरांना उचलायची सवयच लागलीये. बॉल उचलताच येणार नाही अशी जागा पाहिजे.

बोलता बोलता सर म्हणाले, "आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. छत सात फूट."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"नाही," सर म्हणाले. "अजिबात नाही. मी तिथला सेक्रेटरी आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमची पाच पोरं कोथरूडच्या त्या पार्किंगमध्ये उभी होती. गाड्या एका अंगाला सारायच्या आणि खांबांमधून पास द्यायचे. पहिल्या दिवशी सवयीनं प्रत्येकानं बॉल उचलला आणि प्रत्येकाच्या तो छतावरून स्वतःच्याच टाळक्यात पडला. चौथ्या दिवशी बॉल जमिनीवर आला. सहाव्या दिवशी रोशन दोन खांबांमधून असा सुटायचा की स्कूटरवरचं मांजरसुद्धा हलत नसे. मी रोज डबाभर पोहे न्यायची. रोशन खाताना एकदा हळूच म्हणाला, "ताई, जावं नाही लागलं पाहिजे जी." मी म्हटलं, "कुठेही जात नाहीस तू. खा!"

पार्किंगमध्ये सोसायटीचा फलक होता, "येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. - सेक्रेटरी." सभासदांनी तक्रार केली की हा फलक आपणच लावलाय ना हो? सरांनी त्याच संध्याकाळी खाली दुसरा लावला. "वरील मनाई फुटबॉलचा मोसम संपेपर्यंत स्थगित. कारण विचारू नये. - तोच सेक्रेटरी."

नवव्या दिवशी साक्षात अँथनी मास्तर हजर! कुणी चुगली केली कोण जाणे. पोरांचे चेहरे पडले. मास्तर एका स्कूटरला टेकून अर्धा तास बघत राहिले. जाताना फक्त एवढंच म्हणाले,

"खेळा असंच. पण पीच दिसलं की उचला!"

*

एवढं करून पुढच्या मॅचमध्ये गोल झाला का? नाही! बॉल खालून यायला लागला, रोशन पळायला लागला, पण एकदा पोस्टला लागला, एकदा गोलकीपरच्या नाकाला लागला. पाचातल्या चार मॅच संपल्या आणि रोशनच्या नावापुढे शून्यच.

मग शेवटची मॅच. जिंकलो तर वरच राहणार, नाहीतर सेकंड डिव्हिजन. रोशन ग्राउंडवर आला तोच बॅग भरून. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. ती बॅग त्यानं पायरीवर माझ्यापाशी ठेवली आणि म्हणाला, "पाहसान जी." मी बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून बसले.

समोरची टीम तगडी. पंचाऐंशी मिनिटं शून्य-शून्य. अण्णांचा आवाज बसला होता, सरांनी वही मिटली होती. आणि मग आमच्या गोलकीपरनं बॉल उचलला नाही, घरंगळत दिला. तिथून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला, सगळं जमिनीवरून, आणि रोशन दोघांच्या मधून सुटला! समोर एकटा गोलकीपर. मी उभी राहिले. "मार! अरे मार!"

त्यानं मारला नाही. गोलकीपर अंगावर आला, बाजूला आमचा सात नंबर विन्या मोकळा होता, रोशननं बॉल त्याला दिला. विन्यानं रिकाम्या गोलमध्ये ढकलला.

एक-शून्य! शिट्टी! आम्ही वाचलो! अण्णा सरांना उचलून नाचत होते आणि सर "खाली ठेवा, खाली ठेवा" ओरडत होते. मी नाचले नाही. मी धावत खाली गेले आणि रोशनला म्हटलं, "गाढवा, मारला का नाहीस?"

"तो मोकळा होता ना ताई," म्हणाला.

तेवढ्यात सुर्वे साहेब आले. त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मग रोशनच्या खांद्यावर हात ठेवला. "छान खेळलास. पण अट ती अट. गोल विन्याचा."

विन्या पुढे झाला. "माझा नाही साहेब. माझ्या पायाला बॉल लागलाच नाही. रोशनचा सरळ आत गेला."

"अरे, मी या डोळ्यांनी बघितलंय!"

"नाही जी साहेब, तो तं विन्यानंच..." रोशन बोलायला लागला, तर अण्णांनी त्याच्या तोंडावर पंजाच ठेवला.

साहेब मास्तरांकडे वळले. मास्तर बुटाची नाडी बांधत होते. "मी तेव्हा घड्याळ बघत होतो."

साहेब सरांकडे वळले. "सर, तुम्ही तरी खरं सांगा." आता हे परांजपे सर म्हणजे आयुष्यात कुणाला अर्धा मार्क वाढवून न दिलेला माणूस. मला स्वतःला त्यांनी चौतीस मार्कांवर नापास केलंय! सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.

"नऊ नंबर," म्हणाले. "मेश्राम."

साहेब लालबुंद झाले. "तुम्ही सगळे एक झालाय!" असं म्हणून ते तरातरा समोरच्या गोलपाशी गेले. त्यांचा गोलकीपर अजून तिथेच बसला होता, हरलेला, हातमोजे काढत. आम्ही सगळे मागोमाग.

"तू तर त्यांचा नाहीस. तू सांग, गोल कुणी मारला?"

त्यानं साहेबांकडे बघितलं. विन्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या बॅगेकडे, आणि मग अण्णांच्या पंज्याआडच्या रोशनकडे.

"नऊ नंबरनं," तो म्हणाला. "लई जोरात मारला हो. मला तर हातसुद्धा लावता नाही आला!"