नापास केलेला रुपया

रुपराव निखारे माल नापास करत तेव्हा एक शब्द बोलत नसत. टोपी उचलायची, बोटावर एकदा फिरवायची आणि लाल पेटीत टाकायची. टोपी म्हणजे कंदिलाची. हिंगण्याच्या त्या कारखान्यात कंदिलाचे सगळे सुटे भाग पत्र्यातून छापून निघत. रुपराव तिथे सतरा वर्षं होते. आधी प्रेस चालवली, मग प्रेसमध्ये डाय, म्हणजे छापाचा साचा, बसवण्याचं काम केलं, शेवटी तपासणीच्या टेबलावर आले. त्यांनी पास केलेला माल परत आला नव्हता. त्यांनी लाल पेटीत टाकलेला नग उचलून कोणी ‘हा तर बरोबर आहे’ म्हटलं, असंही कधी झालं नव्हतं. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना जास्त अभिमान होता. वाईट नग सुटला तर तपासणारा आळशी ठरतो. चांगला नग फेकला तर करणाऱ्याची मेहनत मातीत जाते आणि त्याला ते कळतही नाही.

घर तांडापेठेत, कोष्ट्यांच्या वस्तीत. वडिलांचा माग रुपरावांनी चालवला नाही. त्यांची बायको गोपिकाबाई मात्र माहेरापासून मागावर बसलेली. मुली सासरी गेल्या तरी ती शेजाऱ्यांच्या मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून देई.

नाण्यांचा नाद छापाच्या कामातूनच लागला. छापलेली कोणतीही वस्तू हाती आली की ती उलटून पाहायची त्यांना सवय. इतवारीत मोडीच्या भांड्यांबरोबर जुने तांब्याचे पैसे येत. ते घेता घेता एक डबा भरला. इंग्रजी टाकसाळीचे पैसे ते कौतुकाने पाहत. चित्र मध्यावर, कडा सारखी. अशी डाय बसवणारा माणूस एकदा भेटावा, असं त्यांना वाटे.

मग अकोल्याच्या गुलाबचंद नावाच्या व्यापाऱ्याची यादी पोस्टाने येऊ लागली. दर महिन्याला सायक्लोस्टाइल केलेली चार पानं. तीन पानांवर नाणी आणि किमती, चौथ्यावर गिऱ्हाइकांची पत्रं. गुलाबचंद स्तुतीचं पत्र छापत तसंच तक्रारीचंही छापत. यादीत चित्रं नसत. १९७६ च्या उन्हाळ्यात एक ओळ रुपरावांच्या नजरेत भरली: ‘भोसल्यांच्या काळातला चांदीचा रुपया, फारसी अक्षरे, वजन पूर्ण, स्थिती चांगली.’ आपल्या नागपूरच्या राजाचा रुपया. त्यांनी ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवले आणि कार्ड टाकलं.

रुपया व्ही.पी.ने आला. आधी पोस्टमनच्या हातात पैसे, मग आपल्या हातात पुडी. रुपरावांनी दोरा सोडला, कागद उलगडला.

नाणं गोल नव्हतं. जाड, एका अंगाने दबलेलं. कडेला दोन ठिकाणी चीर. अक्षरं मध्यावर नव्हती, नाण्यावरून सरकत बाहेर गेली होती. एक अक्षर तर कडेपाशी अर्धं तुटून संपलं होतं.

“गोपिका, हे पाय वं.”

तिने हात पुसून पाहिलं. “चांदी हाय ना?”

“चांदी हाय. काम नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चंपतरावाला दाखवला. चंपतराव कारखान्याच्या लोहारखात्यात घण मारायचा. दोघांच्या सायकली रोज बरोबर निघत.

“एवढे पैसे देऊन गुळाचा खडा आणला गा तू,” चंपतराव म्हणाला. “चाखून तरी पाह्यला का?”

त्याच संध्याकाळी रुपरावांनी पत्र लिहिलं. नापास मालाचा शेरा लिहावा तसं.

‘रुपया मिळाला. छाप मध्यावर नाही. अक्षरे कडेबाहेर गेली आहेत. कडा दोन जागी फाटली आहे. मी सतरा वर्षे छापकामात आहे. असे काम करणाऱ्यास आमच्या खात्यात एक दिवस ठेवले नसते. माल परत पाठवीत आहे.’

उलट टपाली गुलाबचंदांचं कार्ड आलं. रुपया पाठवा, पैसे आणि टपालखर्च दोन्ही मिळतील. आपले पत्र या महिन्याच्या यादीत छापले आहे. पाठोपाठ यादीही आली. एक अक्षर बदललेलं नव्हतं. खाली नाव: रुपराव निखारे, तपासनीस, नागपूर. रुपरावांनी ती घडी करून खिशात ठेवली. रुपयाची पुडी बांधून झाली होती, पण पाळी बदलली आणि पोस्टात जाणं पंधरा दिवस राहूनच गेलं.

तेवढ्यात अकोल्याहून एक रजिस्टर पाकीट आलं. आत दोन रुपये, तसेच वेडेवाकडे, आणि पत्र.

‘आपले पत्र वाचून चार गिऱ्हाइकांनी भोसल्यांचे रुपये परत केले. चौघांनी आपल्या पत्राचा हवाला दिला आहे, की छापकामातला जाणकार म्हणतो तर खोटे कसे. मी परत घेतले. माझी तक्रार नाही. पण एक विचारतो. तीस वर्षांत माझ्या हातातून असे रुपये पुष्कळ गेले. अक्षरे पूर्ण आलेला एकही पाहिला नाही. आपण काम जाणता. एकजात सगळेच वाईट कसे निघाले? परत आलेल्यांतले दोन पाठवीत आहे. पैसे नकोत. बघून सांगा. जे सांगाल ते छापीन.’

रुपरावांनी पत्र दोनदा वाचलं. चौघांनी त्यांच्या शब्दावर माल फेकला होता. त्यांनी स्वतः तपासला होता फक्त एक नग.

आणि प्रश्न त्यांच्याच धंद्यातला होता. शंभरांत पाच टोप्या वाकड्या निघाल्या तर चूक कामगाराची. शंभरच्या शंभर एकसारख्या वाकड्या निघाल्या तर कामगाराला बोलायचं नसतं. डाय पाहायची असते. हे ते नव्या पोरांना नेहमी सांगत. रुपयाच्या बाबतीत त्यांनी स्वतः ते केलं नव्हतं.

त्यांनी आपल्या रुपयाची पुडी सोडली. तिन्ही रुपयांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली. छाप कागदावर उतरले. ते कात्रीने कापले आणि पाटावर सरकवत बसले. एकाच्या कडेला तुटलेलं अक्षर दुसऱ्याच्या पोटात पुरं होतं. दुसऱ्यावर जी रेघ अर्धी सुटली होती ती तिसऱ्यावर पुढे जात होती. तिन्ही एका डायचे नव्हते, एका अक्षराचं वळण वेगळं होतं. पण मजकूर तोच होता. कागद एकावर एक बसले तेव्हा जो गोल झाला तो कोणत्याही रुपयाहून मोठा होता. तरीही पुरा नव्हता. खाली उजव्या अंगाला एक कोपरा कोराच राहिला.

“डाय नाण्याहून मोठी होती,” ते म्हणाले. “काहून पण? जे उमटणारच नाही ते कोरायचं कायले?”

गोपिकाबाई चरख्यावरून उठून आली. थोडा वेळ उभी राहून तिने पाहिलं.

“लुगड्यातून हातभर तुकडा फाडला,” ती म्हणाली, “तर बुट्टी मधातच येईन का?”

“नाही.”

“मंग विणणाऱ्याले नाव ठेवसान का तुम्ही?”

रुपरावांनी कागदांच्या गोलावर एक रुपया ठेवून पाहिला.

नुसतं पटून त्यांचं भागत नसे. फोरमनला विचारून त्यांनी भंगारातले लोखंडी दांड्याचे दोन तुकडे आणि तांब्याची पट्टी घेतली, तशी चिठ्ठी करून घेतली. एका तुकड्यावर रुपयाएवढ्या गोलात छिन्नीने खुणा कोरल्या, दुसऱ्यावर त्याच्या दीडपट गोलात. या कोरण्यात चार संध्याकाळी गेल्या. तांब्याच्या वीस चकत्या हाताने कापल्या, घासल्या, एका वजनाच्या व्हाव्या म्हणून पुन्हा घासल्या. सुट्टीच्या दिवशी चंपतराव आपला घण घेऊन अंगणात आला.

“काय ठोकाचं हाय?”

“रुपये.”

“पोलीस येईन ना गा.”

“हे पाहून पोलीस हसत जाईन.”

ठोकायचं कसं तेही तिथेच शिकावं लागलं. चकती ऐरणीवर ठेवायची, रुपरावांनी सांडशीने डाय धरायची, चंपतरावाने एकच घाव घालायचा. दुसरा घाव पडला की छाप दुहेरी होतो. पहिल्या दहा चकत्या लहान डायने मारल्या. डाय घावाबरोबर जराशी हले. दहांत एकच मध्यावर आली. बाकीच्यांवर छाप एका अंगाला सरकला आणि दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर राहिली. मग मोठी डाय घेतली. चकती कशीही पडो, डाय कितीही हलो, दहाच्या दहा कडेपर्यंत भरून निघाल्या. दोन चकत्यांच्या कडेला चीर गेली, कारण घाव जोराचा होता. कोरी जागा एकीवरही नव्हती.

चंपतराव घणाच्या दांड्यावर रेलून उभा होता. बनियन भिजलं होतं.

“वीस झाले फक्त,” तो म्हणाला. “तवाच्या लोकायले दिवसभर मारा लागत असन?”

“दिवसभर. रोज.”

“अन् एका घावात?”

“एका घावात.”

चंपतरावाने भोसल्यांचा रुपया मागून घेतला. आता तो चेष्टा करत नव्हता. घण मारणाऱ्याने घण मारणाऱ्याचं काम पाहावं तसं पाहत होता. चीर अंगठ्याने चाचपत म्हणाला, “मजबूत घाव हाय पण. मले जमला नसता.”

एक गोष्ट राहिली होती. यादीत ‘वजन पूर्ण’ असं लिहिलेलं होतं, आणि रुपरावांनी वजन पाहिलंच नव्हतं. ते इतवारीत बाबनराव सोनाराकडे गेले. ग्रॅमची वजनं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाबनरावांच्या डबीत सोनं तोलायच्या जुन्या गुंजा होत्या. काट्यावर आधी रुपरावांच्या मोठ्या डायच्या दहा चकत्या गेल्या. सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत जड यांत चार गुंजांचा फरक निघाला.

“हातानं कापल्या?” बाबनरावांनी विचारलं. “बऱ्या हायेत.”

मग तीन रुपये. बाबनरावांनी एक तोलला, दुसरा तोलला, मग पारडी पुसून दोन्ही पुन्हा तोलले. तिसरा ठेवला. काटा थरथरला आणि जागेवर आला. तिन्हींत मिळून अर्ध्या गुंजेचा फरक नव्हता.

बाबनराव रुपरावांकडे पाहू लागले. रुपराव काट्याकडे पाहत होते.

ते तिन्ही वेडेवाकडे तुकडे तीन वेगळ्या माणसांनी कापले असतील, वेगळ्या वर्षी. कोणी एक कडा कातरली असेल, तोलली असेल, पुन्हा कातरली असेल. घाव पडण्याआधीच काम पुरं झालेलं होतं. मेहनत सगळी वजनात गेली होती. रुपराव नक्षीत शोधत बसले होते. दोनशे वर्षांपूर्वी, वीज नाही, प्रेस नाही, मोजायला एक तराजू आणि डोळा, आणि त्या कातरणाऱ्यांच्या तपासणीतून गेलेला माल आजही काट्यावर उभा राहत होता.  रुपरावांना आजवर असा तपासनीस भेटला नव्हता.

ते चालत घरी आले. सायकल बाबनरावांच्या दुकानाबाहेरच राहिली, ती दुसऱ्या दिवशी आणावी लागली.

पत्र लिहायला दोन दिवस लागले.

‘मागील यादीत मी एक रुपया नापास केला. तो निर्णय चुकीचा होता. मी कंदिलाच्या टोपीचे माप रुपयाला लावले. टोपी मध्यावर हवी, नाहीतर ती बसत नाही. रुपया कशावर बसवायचा नसतो, तोलायचा असतो. तीन रुपये तोलले. फरक अर्ध्या गुंजेच्या आत. मी स्वतः केलेल्या दहा चकत्या तोलल्या. फरक चार गुंजा. डाय मोठी का, याची आकृती सोबत आहे. ज्या चौघांनी माझ्या शब्दावर रुपये परत केले त्यांनी ते पुन्हा पाहावेत. त्या कामगारांना एक दिवस ठेवले नसते असे मी लिहिले होते. त्यांनी मला ठेवले असते की नाही, मला शंका आहे.’

चंपतरावाने ते वाचलं. “चुकलो म्हणून यादीवाल्या दोनशे लोकायले सांगतं? सतरा वर्षांत तोंडातून नाही काढलं.”

“सतरा वर्षांत चुकलो नव्हतो.”

गुलाबचंदांनी पत्र जसंच्या तसं छापलं. आकृतीसाठी स्टेन्सिल हाताने कोरली असावी, गोल जरा वाकडा आला होता. रुपरावांनी त्यावर शेरा मारला नाही. आपला रुपया त्यांनी ठेवून घेतला आणि पाहायला आलेले दोन रजिस्टरने परत केले.

कारखान्यात काही बदललं नाही. मध्यावर नसलेली टोपी लाल पेटीतच जायची. फक्त फेकण्याआधी ते शेजारच्या चार उचलून पाहू लागले.

महिन्याभराने गुलाबचंदांचं कार्ड आलं. चौघांपैकी तिघांनी रुपये पुन्हा मागवले. चौथ्याचं उत्तर नाही. रुपरावांनी मनीऑर्डर केली आणि तो चौथा मागवला. आपण नापास केलेला नग आपणच सोडवायचा.

रुपरावांनी पाहिलेल्या चार रुपयांत तो सगळ्यांत वाईट होता. अक्षरं फार कमी, चीर खोल. रुपरावांनी कागद ठेवून पेन्सिल घासली. छाप उतरला तो पाटावरच्या गोलात नेऊन ठेवला. त्यावर नवं काहीच नव्हतं. उजवीकडचा खालचा कोपरा कोरा होता तो कोराच राहिला.

पुढे बारा वर्षं ते यादी मागवत होते. आणखी काही रुपये आले. तो कोपरा कोणी भरला नाही. तिथलं अक्षर रुपरावांनी कधी पाहिलं नाही. पण डाय कोरणाऱ्याने ते कोरलं होतं, कोणत्याही एका रुपयावर सगळी अक्षरं मावणार नाहीत हे माहीत असून पुरं कोरलं होतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.