गोष्टीत न बसलेली जांभई
मे महिन्यात मिरजोळ्यावरून जाताना आंब्याचा रस आटवल्याचा वास आला की माझे डोळे अजून चुरचुरतात, कारण तिथल्या कॅनिंगच्या कारखान्याला लागूनच आमचं ऑफिस होतं आणि सिनेमांची माहिती देणाऱ्या एका परदेशी वेबसाइटसाठी आम्ही दोघी बायका दिवसभर पडद्याकडे बघत 'फक्त प्रौढांसाठी' असलेल्या फिल्मची गोष्ट तीन ओळींत इंग्रजीतून लिहायचो. घरी सांगायचं, कॉम्प्युटरचं काम आहे. आवाज बंद करून फिल्म पळवायची आणि सगळ्यांना ठाऊक असतं ते सोडून उरेल ते लिहायचं. बहुतेकदा काही उरायचंच नाही. त्या दुपारी शेजारच्या खुर्चीवरच्या वहिनींच्या पडद्यावर नळ दुरुस्त करायला माणूस आला होता. वहिनींनी एकदम फिल्म थांबवली. "बघ गो, जांभई दिलीन तिने." खरंच, त्या माणसाच्या खांद्याआड तोंड लपवून ती बाई जांभई देत होती. वहिनींनी तिसरी ओळ लिहिली, 'बाई फार दमली आहे.' साहेब टेबलापाशी आले नि म्हणाले, "हे गोष्टीत बसत नाही." वहिनी म्हणाल्या, "मग काय बसतं? नळाला तर कोणी हात पण लावलान नाय." साहेबांनी ती ओळ स्वतःच बदलली. काय केली ते आम्ही बघितलंही नाही, पुढची फिल्म उघडली होती. काल तो वास आला म्हणून घरी येऊन मोबाइलवर ती वेबसाइट उघडून फिल्म शोधली. वहिनींच्या दोन ओळी तशाच आहेत. तिसरी आहे, 'बाई खूश होते.'