पांढरीची पिल्लं

फोन कानाशी नीट धर गं, नुसती हं हं करू नकोस. मांजरांचे फोटो मागतेस, आजीकडे माथेरानला मात्र फिरकत नाहीस.

इथे गाडी येत नाही, म्हणून पिल्लं बंद करायच्या ऑपरेशनची भटकी मांजर मी टोपलीतून दस्तुरी नाक्यापर्यंत चालत नेते, पुढे टॅक्सीने नेरळच्या डॉक्टरांकडे. धरताना आधी पोट चाचपून दूध आहे का बघायचं. गेल्या पावसाळ्यात एका पांढरीचं ते बघायचं घाईत राहून गेलं. तिसऱ्या दिवशी आणायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, "आजी, ही पाजत होती, बघितलं नाय का?" वर आणून सोडली, तशी ती बंद हॉटेलच्या लाकडांमागे धावली. तिथे तीन पिल्लं गार पडली होती. ती त्यांना चाटतच राहिली.

तेव्हापासून माझ्या बोटांवर माझाच भरवसा नाही. पुढच्या मांजरीचं पोट तू बघ, लवकर ये गं.