मागच्या दाराचं घड्याळ

इस्राएलमधल्या किर्यात गात शहरातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं आणि पॅकिंगमध्ये खोके भरायचं काम आईचं. तिला ऑफिसने बजावलं होतं, आता एकदा जरी लेट आलात तर घरी बसा. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करतात, ती वेळ कधी संपणार हे आमच्याकडे तेव्हा सरकार दरवर्षी नव्याने ठरवायचं. किप्पूरच्या सणाचा ज्यू लोकांचा उपास घड्याळात लवकर सुटावा म्हणून त्याआधीच काटे तासभर मागे. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला हे कुठून कळणार? म्हणून जो तो हाताने वेळ मागे ओढायचा. आमच्या मॅनेजरनेही ओढली. मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "मागच्या दाराचं हजेरीचं मशीन नेटवर्कवरून वेळ घेतं. घड्याळाला हात लावू नका. देशाची वेळ बदलली, एवढं मला सेटिंगमध्ये घालू द्या." तो म्हणाला, "घड्याळ मला कळतं."

कळलं, डोंबल! सणानंतर कामावर आलो तोवर नेटवर्कने ते घड्याळ पुन्हा तासभर पुढे नेऊन ठेवलं होतं. पुढच्या दाराचं जुनं मशीन कशालाच जोडलेलं नव्हतं, ते मागे ओढलेलं तसंच राहिलं, त्यामुळे साहेब लोक वेळेवर. मागच्या दाराने येणाऱ्या बायका झाडून सगळ्या लेट. आईला लगेच ऑफिसात बोलावणं आलं.

माझं डोकंच सणकलं. मी तिच्याबरोबर गेले आणि कुणाच्या हाताने काय झालंय ते हिब्रूत मॅनेजरच्या तोंडावर सांगितलं. तो वरमला, पण चूक कबूल करील तर शपथ! म्हणाला, "बरं, तुझ्या आईचं तेवढं पुसून टाक. बाकीच्यांचं राहू दे. त्या कुठे तक्रार करतायत?"

माझा जीव भांड्यात पडला. आई मात्र मराठीत कडाडली, "त्याला विचार, बाकीच्या काय माझ्यामागून तासाने आल्या? एकाच बसने आलो आम्ही! सगळ्यांचं पुस म्हणावं, नाहीतर माझंही राहू दे."

"अगं आई, नोकरी जाईल."

"गेली तर गेली. तू सांग त्याला."

मी शब्दन् शब्द सांगितला. तो म्हणाला, "मग राहू दे." आईने ॲप्रन काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि चालू पडली. पॅकिंगमधल्या बायकांनी काय झालं म्हणून विचारलं, तिने मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगितलं, आणि एकेक करत त्याही तिच्यामागून बसस्टॉपकडे निघाल्या.

दुपारपर्यंत न भरलेला माल पार दारापर्यंत येऊन साचला. मॅनेजर स्वतः माझ्या खोलीत आला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पुस सगळ्यांचं. आणि आईला बोलाव."

मी आधी सगळ्यांचं पुसलं, सेटिंग नीट केलं, मग घरी फोन लावला.

"उद्या येते," आई म्हणाली. "आज मात्र मी खरंच लेट आहे, सांग त्याला."