वहिनींनी चहात घातलेलं दूध

गयावहिनी गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शोभानं, फोनवर कळवलं. त्याला महिना होऊन गेला. करमाडला दहाव्याला नात्यातली एक म्हातारी माझ्या कानाशी पुटपुटली, "माणूस लई मायाळू, पण हाताची जरा..." पुढचं तिनं गिळलं. मी मान खाली घातली. ते बोलणं माझंच होतं. भावकीत ते मीच पसरवलं होतं.

आमचा अनिल जन्मला तेव्हा आम्ही दोघे भाऊ करमाडला एकत्र राहत होतो. बाळंतपणातच माझ्या बायकोला, सुमनला, टायफॉईड झाला आणि तिचं दूध आटलं. शोभा तेव्हा वहिनींच्या अंगावर पीत होती. वहिनी म्हणाल्या, दोघांना पाजते. मी नको म्हणालो. त्यांच्या अंगावर पिऊन पोर त्यांचंच होईल, अशी धास्ती मनात होती. तोंडानं मात्र मी शास्त्राच्या गोष्टी केल्या आणि शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून दूध पावडरचा डबा आणला. डब्यावरच्या गोबऱ्या बाळावर माझा विश्वास होता.

अनिलला जुलाब लागले. आमचं विहिरीचं पाणी, घाईत विसळलेली बाटली... हे आज कळतं. मग तो हळूहळू सावरला, अंग धरू लागला. मी डब्याची वाहवा केली. पण चहा दाट लागू लागला. वहिनी अनिलला घेऊन खोलीचं दार लावून बसायच्या. शोभाचे गाल मला रोज जास्तच फुगलेले दिसायचे. मी डबा हलवून बघायचो, चहाच्या पातेल्यात डोकावायचो. शेवटी सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी, तुम्ही चोर आहात. माझ्या लेकराचं दूध चोरता."

त्या चूल सारवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "व्हय भाऊजी, चहात घातलं. ग्वाड लागला ना?"

अनिल भाकरी कुस्करून खाऊ लागला, तसं मी शहरात बिऱ्हाड केलं. कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला वहिनींच्या चोरीचंच सांगितलं. कित्येक वर्षांनी सुमन बोलून गेली, की अनिल वहिनींच्याच दुधावर वाढला. डबा भरलेला दिसला तर मला संशय येईल, म्हणून त्या पावडर चहात संपवायच्या. खरं सांगितलं असतं तर मी पोर त्यांच्या मांडीवरून उचललं असतं. म्हणून त्यांनी चोरी कबूल केली. हे कळल्यावरही मी गप्पच राहिलो... करमाड काही लांब नव्हतं.

परवा डॉक्टरबाई माझ्या सुनेला सांगत होत्या, सहा महिने अंगावरचंच पाजा, आजाराशी झुंजायची ताकद त्यातून मिळते. मी अनिलकडे बघत बसलो. घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो गच्चीवर निघून गेला.

हा मजकूर छापायला देण्याआधी शोभाला फोनवर वाचून दाखवला. तिला सगळं आधीच ठाऊक होतं. आई तिला चिडवायची म्हणे, अर्धं अनिलनं ओढलं म्हणून तू अशी काडी राहिलीस. मग एका वाक्याशी तिनं मला अडवलं. मी लिहिलं होतं, 'माझा गैरसमज झाला.'

"काका, ते खोडा. आईला चोर म्हणालात ना? मग तेच लिहा."

खोडलं. वर तेच लिहिलं आहे.