गावची शेवटची सरपंच

आमचं गाव पुण्यात आलं असं लोक म्हणतात. गाव कुठंही गेलं नव्हतं, होतं तिथंच होतं. पुणंच आमच्याकडे आलं, आणि आल्या आल्या पाहुण्यासारखं न वागता घरमालकासारखं वागायला लागलं.

त्याआधी आई सरपंच होती. पद बायकांसाठी राखीव झालं म्हणून वडिलांनी तिला उभी केली आणि ती निवडून आल्यावर मधल्या खुर्चीत स्वतः बसले. गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं. आई बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि दाखवतील तिथं सही करायची.

एकदा गावाशेजारी नव्यानं उभ्या राहिलेल्या परदेशी कंपनीची माणसं पंचायतीत आली. त्यांना त्यांचं सांडपाणी आमच्या ओढ्यात सोडायचं होतं आणि त्यासाठी ग्रामसभेची संमती हवी होती. ओढ्याला लागूनच गावाची विहीर. सगळं गाव तिचं पाणी प्यायचं, तिच्यावर पिकलेली आमची मेथी मंडईत जायची. मोठ्या साहेबांनी पुष्पगुच्छ वडिलांना दिला आणि आईकडे वळून विचारलं, "वहिनी, चहा मिळेल का?"

आईनं चहा मागवला. सगळ्यांचा पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आता माझ्याशी बोला. सरपंच मी हाय."

मी सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवरून सुट्टीला आले होते आणि दारात उभी राहून हे बघत होते. वडिलांना तो पुष्पगुच्छ कुठं ठेवावा ते कळेना.

ग्रामसभा पारावर भरली. जमिनी विकून मोकळे झालेले भावकीतले लोक कंपनीची बाजू घेत होते आणि वडील त्यांच्यात पुढे होते. कंपनी रस्ता देईल, दिवे देईल, पोरांना नोकऱ्या देईल. आई उठली. "ज्याला हे पाणी चालंल, त्यानं आधी आपल्या नातवाला पाजावं, मग हात वर करावा." एकही हात वर झाला नाही. वडील त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मला मात्र तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

मग गाव शहराच्या हद्दीत गेलं आणि ग्रामपंचायत बरखास्त झाली. आपण पुणेकर झालो म्हणून वडिलांनी पेढे वाटले. पेढे संपल्यावर लोकांच्या लक्षात आलं, की ग्रामसभाही संपली. आता नगरसेवक निवडून द्यायचा, पण वर्षामागून वर्षं निवडणूकच होईना. कारभार प्रशासकाच्या हाती. त्याला आम्ही निवडलेलं नाही, आणि आमचं गाव त्यानं पाहिलं असलंच तर नकाशात. शाळेत आम्हाला घोकून घेतलं होतं, की ग्रामसभा हा लोकशाहीचा पाया. पाया काढून घेतल्याचं कुणी आम्हाला कळवलंसुद्धा नाही. कंपनीला आता पारावर येण्याची गरज नव्हती. परवानगी महापालिकेच्या कुठल्या तरी मजल्यावर मिळाली. कुणी दिली, ते अजून कळलेलं नाही.

विहिरीवर फेस यायला लागला, पाण्याला वास मारू लागला. आई कार्यालयात गेली, मीही बरोबर गेले. खिडकीतले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "अहो आजी, आपण ॲपवर नोंदवा. तोंडी तक्रार इथे घेत नाही."

"मी सरपंच होते," आई म्हणाली.

"होतात ना? मग आता विश्रांती घ्या."

ॲपवर मी तक्रार नोंदवली. तिचं निराकरण झाल्याचा निरोप लगेच आला, सोबत एका स्वच्छ ओढ्याचा फोटो. तो ओढा आमचा नव्हता. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत झाली. विहीर गेली आणि नळ आला नाही. टँकरची वाट बघत बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या राहायला लागल्या. त्या रांगेत आईही असायची.

एव्हाना मला नोकरी लागली होती. कुठं, ते वेगळं सांगायला नको. पोरांना नोकऱ्या देण्याचं कंपनीचं म्हणणं खरं निघालं. आमच्या ऑफिसात गाळलेलं, गार पाणी दिवसभर मिळतं. पाणी जपून वापरा, अशा पाट्याही आहेत. रोज घरी जाताना मी तिथल्या दोन बाटल्या भरून न्यायचे, एक वडिलांना, एक मला. आई त्यातलं घोटभरही घेत नसे. टँकरचं पाणी उकळायची, फडक्यानं गाळायची आणि तेच प्यायची. वडील म्हणायचे, हट्टीपणा आहे नुसता. मी माझी बाटली उघडायचे.

गेल्या उन्हाळ्यात एकदा चार दिवस टँकर आलाच नाही. आईला ताप होता, ओठ सुकले होते. मी माझ्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढे धरलं. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं पिऊन टाकलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "आपल्या विहिरीचं असंच होतं."

मग पेला माझ्या हातात देत म्हणाली, "उद्यापास्नं माझ्यासाठीबी आणत जा."

मी आता तीन बाटल्या भरते.